चाळिशीनंतरचा चष्मा: दोन वेगळे, बायफोकल की प्रोग्रेसिव्ह?

मोबाइल वाचायला हात पुरेनासा झाला की माणूस नागपुरात बर्डीवर चष्म्याच्या दुकानात शिरतो आणि पहिलाच प्रश्न येतो: "प्रोग्रेसिव्ह करायचा का?" त्याआधी नंबराची चिठ्ठी बघा. लांबचा नंबर −१.०० आणि ॲड, म्हणजे जवळचं वाचायला त्यात मिळवायची जादा पॉवर, +२.०० असेल, तर जवळचा नंबर होतो +१.००, सरळ बेरीज. नंबर मोजायच्या मशीनमधून निघालेला कागद ही फक्त सुरुवात. नंतर ट्रायल फ्रेममध्ये (चाचणीच्या चष्म्यात) काचा बदलत, ०.२५ च्या पायरीने, तक्त्यावरच्या ६/६ च्या, म्हणजे चांगल्या नजरेच्या ओळीपर्यंत यावं लागतं. जवळचा तक्ता सहसा ४० सेंमीवर धरतात. तुमचं काम ज्या अंतरावर चालतं तिथेही धरून बघायला सांगा. रक्तातली साखर वर-खाली होत असेल तर ती स्थिरावेपर्यंत नवा नंबर काढू नका, तो बदलतो.

दोन वेगळे चष्मे सर्वात स्वस्त. काचेचा पूर्ण भाग कामी येतो, सवय लागायचा प्रश्नच नाही, झोपून वाचणाऱ्याला तर हेच बरं. कटकट एवढीच, की हवा तो नेमका दुसऱ्या खोलीत असतो.

बायफोकल म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खालच्या तुकड्यात वाचायचा नंबर. त्यात केटी म्हणजे गोल तुकड्याची आणि डी म्हणजे वरून सपाट. डीमध्ये नजर रेषेवरून खाली येताना अक्षरं कमी उडी मारतात, म्हणून दोन्हींत डीच घ्यावी. रेषा खालच्या पापणीच्या पातळीवर हवी. जिना उतरताना मात्र पायरी वाचायच्या भागातून दिसते, म्हणजे पुसट.

खरी अडचण मधल्या अंतराची. ॲड +२.२५ असेल तर खालच्या भागातून जेमतेम ४४ सेंमीपर्यंत स्पष्ट दिसतं. जवळचं बघायची डोळ्याची स्वतःची ताकद १ डायऑप्टर (नंबराचं एकक) उरली असेल, तर वरच्या भागातून १ मीटरच्या पलीकडचंच स्पष्ट. कॉम्प्युटरचा पडदा ६०-७० सेंमीवर, नेमका या खड्ड्यात. ॲड +१.२५ असताना हा खड्डा पडत नाही, म्हणून पंचेचाळिशीतला माणूस बायफोकलवर खूश असतो आणि पंचावन्नाव्या वर्षी मान वर करून पडदा वाचू लागतो.

प्रोग्रेसिव्हमध्ये रेषा नसते, वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो. तो हा खड्डा भरतो, पण किंमत घेतो. काचेच्या दोन्ही कडांना खाली धूसरपणा राहतोच. महाग डिझाइनमध्ये तो कमी जाणवतो किंवा सरकतो, नाहीसा होत नाही. ॲड जितकी जास्त, तितका तोही जास्त. तरीही चष्मा जमला नाही तर आधी कंपनीला दोष देऊ नका, माप तपासा. फ्रेम आधी तुमच्या नाकावर नीट बसवायला हवी. मग प्रत्येक डोळ्याचा पीडी (नाकाच्या मध्यापासून बुबुळाच्या मध्यापर्यंतचं अंतर) वेगळा, आणि बुबुळाच्या मध्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंतची उंची पेनाने डॉट मारून. ही उंची कोणी अंदाजाने लिहीत असेल तर उठून या. दोन मिलिमीटर खाली बसली तरी वाचायला हनुवटी उचलावी लागते. उंची १८ मिमीच्या आसपास मिळेल अशी फ्रेम निवडा. बारीक पट्टीसारख्या फ्रेममध्ये वाचायचा भागच कापला जातो.

घेताना काचेवर तिरपा उजेड पाडा: ३४ मिमी अंतरावर दोन बारीक खुणा कोरलेल्या दिसतील. त्यांवरून दुकानदाराला फिटिंगचा क्रॉस (बुबुळाच्या मध्यासमोर यायला हवी ती खूण) काढायला लावा आणि तो बुबुळासमोर येतो का, ते आरशात बघा. पहिल्या दिवशी गाडी चालवू नका, जिन्यावर हनुवटी खाली घ्या. पंधरा दिवसांत जमलं नाही तर फिटिंग आधी, नंबर नंतर.

ऑफिस, मोबाइल, गाडी असा दिवस असेल तर प्रोग्रेसिव्ह घ्या. दिवसभर एकाच पडद्यासमोर बसणाऱ्याने सोबत कॉम्प्युटरचा वेगळा चष्मा ठेवावा. तोल जाण्याची भीती असलेल्या वयस्करांना दोन चष्मेच द्या. वर्षानुवर्षं बायफोकल सुखाने वापरणाऱ्याला कोणी बदल सुचवला तर त्याने खुशाल नाही म्हणावं.

आणि नागपूरच्या मे महिन्यात, यातला कुठलाही चष्मा बंद कारच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. अँटिग्लेअरच्या थराला केसासारख्या भेगा पडतात आणि त्या पुसून जात नाहीत.