धुळ्यातील एक बॉक्सिंग वर्ग: मुलांच्या लढती कशा ठरवल्या जातात

धुळ्यात देवपूर भागात एका जुन्या गोदामात चालणाऱ्या बॉक्सिंग वर्गात माझा पुतण्या शिकतो. त्याची ने-आण बहुतेक वेळा माझ्याकडेच असल्यामुळे तेथील सराव आणि स्पर्धांची तयारी मला जवळून पाहता आली आहे. आपल्या मुलाला किंवा मुलीला या खेळात घालण्याचा विचार करणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सोयी साध्याच आहेत. रिंग प्रमाणित आकारापेक्षा लहान आहे, सरावाच्या बॅगा मोजक्या आहेत, आणि मे महिन्यात वरचा पत्रा इतका तापतो की सायंकाळचा सराव उशिरा सुरू करावा लागतो. वर्गाची खरी गुणवत्ता वेगळ्या ठिकाणी आहे. कोणत्या मुलाने कोणाशी आणि केव्हा लढावे, हा निर्णय तेथील प्रशिक्षक ज्या काळजीने घेतात, तशी काळजी मी इतरत्र पाहिलेली नाही.

खान्देशात कुस्तीची जाण असलेली माणसे पुष्कळ आहेत. यात्रेतील आखाड्यात जोड लावताना वय, वजन आणि तयारी पाहिली जाते, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. बॉक्सिंगमध्ये मात्र अनेक पालकांची मागणी निराळी असते. मुलगा हरू नये, त्याच्या नावापुढे विजयच लागावेत, म्हणून त्याला सोपे प्रतिस्पर्धी मिळावेत, असे त्यांना वाटते. हौशी स्पर्धेत प्रतिस्पर्धी सोडतीने ठरतो, त्यामुळे प्रशिक्षकाच्या हातात तीनच गोष्टी उरतात: कोणत्या स्पर्धेत उतरवायचे, कोणत्या वजनी गटात उतरवायचे आणि सरावात कोणासमोर उभे करायचे. या तिन्ही ठिकाणी पळवाटा काढता येतात, आणि त्या काढल्याही जातात.

येथे त्या काढल्या जात नाहीत. एका स्पर्धेपूर्वी पुतण्याच्या गटात एक नावाजलेला मुलगा उतरणार असल्याचे कळले, तेव्हा काही पालकांनी वजन थोडे उतरवून खालच्या गटात खेळवावे, असे सुचवले. सरांनी ते स्पष्टपणे नाकारले. वाढीच्या वयात पाणी तोडून वजन कमी केलेला मुलगा रिंगमध्ये अधिक धोक्यात असतो, आणि चांगल्या प्रतिस्पर्ध्याला टाळून त्याला काहीच शिकता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुतण्या ती लढत गुणांवर हरला. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून परत येताना त्याचा डावा हात खाली राहतो, हे त्या तीन फेऱ्यांत त्याला जितके कळले, तितके महिनोन्महिने सांगून कळले नव्हते. त्याच सरांनी पुढे एका उत्सवातील प्रदर्शनीय लढतीला ठाम नकार दिला, कारण समोरचा मुलगा वयाने मोठा आणि वजनाने बराच जड होता. आयोजकांनी पुष्कळ आग्रह केला, मुलगा स्वतःही तयार होता, तरी नकार बदलला नाही.

मला या दोन निर्णयांत एकच तत्त्व दिसते आणि ते पूर्णपणे पटते. कामगिरीचा आकडा जपणे आणि मुलाचे शरीर जपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी अवघड लढत टाळू नये. दुसरीसाठी मात्र ती टाळण्यात कसलाही कमीपणा नाही.

व्यावसायिक बॉक्सिंगचा इतिहासही याला दुजोरा देतो. दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेला वासिल लोमाचेन्को मार्च 2014 मध्ये केवळ दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत ऑर्लांडो सालिदोसारख्या मुरलेल्या खेळाडूसमोर उतरला आणि हरला. सालिदोचे वजन तर मर्यादेपेक्षा जास्त भरले होते. तरीही त्याच वर्षी जूनमध्ये गॅरी रसेल ज्युनियरला हरवून लोमाचेन्को विश्वविजेता झाला. कॅनेलो अल्वारेझ 2013 मध्ये तेविसाव्या वर्षी फ्लॉइड मेवेदरकडून हरला आणि 2021 मध्ये आपल्या वजनी गटातील चारही प्रमुख जागतिक विजेतेपदे त्याच्याकडे होती. याउलट मेवेदर आणि मॅनी पॅकियाव या दोन नामांकित बॉक्सरांची लढत अनेक वर्षे चर्चेतच राहिली, आणि मे 2015 मध्ये ती झाली तेव्हा एक 38 वर्षांचा आणि दुसरा 36 वर्षांचा होता. दोघांच्या ऐन भरातील लढत प्रेक्षकांना कधीच पाहता आली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पण अवघड लढतीची किंमतही नजरेआड करता येत नाही. मार्च 1990 मध्ये अपराजित मेल्ड्रिक टेलर ज्युलिओ सेझर चावेझविरुद्ध तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर पुढे होता, तरी शेवटची फेरी जिंकणे आवश्यक आहे असे त्याला त्याच्याच कोपऱ्यातून, म्हणजे त्याच्या प्रशिक्षकांकडून, सांगण्यात आले. तो भिडत राहिला आणि अवघे 2 सेकंद उरले असताना लढत थांबवण्यात येऊन तो हरला. पुढे त्याने आणखी एक विजेतेपद मिळवले, परंतु त्या रात्रीपूर्वीचा टेलर पुन्हा दिसला नाही. याउलट 1975 मध्ये मनिलात मुहम्मद अलीविरुद्धच्या लढतीत प्रशिक्षक एडी फच यांनी डोळे जवळजवळ मिटलेल्या जो फ्रेझियरला पंधराव्या फेरीसाठी उठू दिले नाही. प्रशिक्षक निवडताना पालकांनी आधी हेच पाहावे की, थांबवण्याची वेळ आल्यावर हा माणूस थांबवेल का.

या वर्गात ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे. सरांजवळ लाल कापडी बांधणीची, दुकानातील खतावणीसारखी एक वही असते. तिच्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे तारीख, वजन, सरावातील जोडीदार आणि डोक्यावर बसलेल्या जोरदार ठोशांची नोंद असते. एका मुलाला सरावात ठोसा बसल्यावर तो हसत होता, पण आज आठवड्याचा कोणता वार आहे हे सांगताना अडखळला. सरांनी तिथेच त्याचे ग्लोव्हज उतरवले, वडिलांना बोलावले, डॉक्टरांकडे पाठवले आणि पुढचे 30 दिवस स्पॅरिंग (जोडीदारासोबतची सराव-लढत) बंद ठेवले. त्या काळात तो मुलगा रोज येऊन दोरीवरच्या उड्या मारत असे, आणि कोणीही त्याला घाई केली नाही.

उणिवा दोन आहेत आणि त्या दूर व्हायला हव्यात. मुलींची संख्या वाढली आहे, परंतु त्यांच्या वजनाच्या जोडीदार पुरेशा नसल्याने त्यांना मुलांबरोबर स्पॅरिंग करावे लागते. सर मुलांना जोर कमी ठेवायला लावतात, पण त्यामुळे मुलींना स्पर्धेच्या दर्जाचा सराव मिळत नाही. दुसरे म्हणजे, हेडगार्ड सामाईक आहेत आणि काहींची गादी आत दबली आहे. परवडत असेल तर हेडगार्ड आणि दातांचा गार्ड स्वतःचा घ्यावा.

प्रवेशासाठी वयाचा दाखला आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, आणि ते नसल्यास मुलाला रिंगमध्ये उभे केले जात नाही. सुरुवातीचे काही महिने फक्त पायांच्या हालचाली, दोरी आणि बॅग एवढेच असते. पाल्याला लगेच स्पर्धेत उतरवायचे आहे, असे म्हणणाऱ्या पालकांना सर पहिल्या भेटीतच दुसरा वर्ग पाहायला सांगतात.