छर्ऱ्याच्या बंदुकीत गॅस पिस्टन: एका टर्नरचा रिव्ह्यू

किट घेऊन चार महिने झाले. विकणारा दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर "सर, फाइव्ह स्टार रिव्ह्यू प्लीज" असं लिहून पुढे हात जोडलेलं चित्र टाकतो. घे बाबा, लिहितो. पाच तारे मात्र मिळायचे नाहीत.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. ठाण्यात वागळे इस्टेटला, रोड नंबर २२ पासून आत, आमचा छोटा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. गाळा लांबीला चाळीस फूट आणि शुक्रवारी सुट्टी. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. शटर आतून ओढलं, कडी घातली, टोकाला चिंध्या कोंबलेली लोखंडी पेटी ठेवली की आमची रेंज तयार. पुतणी आठवीत आहे, शाळेकडून ओपन साइटमध्ये, म्हणजे दुर्बिणीशिवाय साध्या उघड्या माशीने, नेम मारते. तिच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. माझे डोळे आता त्या कामाचे राहिले नाहीत, मी आपला डबे पाडतो.

दोघांकडे एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची देशी बंदूक. नळी मधून मोडून ताणायची, ०.१७७ इंच (४.५ मिलिमीटर) बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची. तक्रारही एकच. ट्रिगर दाबला की आत स्प्रिंग झण्णकन वाजते आणि ती थरथर गालाच्या हाडापर्यंत येते. पोरगी त्या आवाजाच्या धास्तीने ट्रिगर दाबायच्या आधीच डोळा मिटायला लागली होती. म्हणून गॅस पिस्टनचं किट मागवलं. स्प्रिंग काढायची आणि तिच्या जागी दाबाने नायट्रोजन भरलेला बंद नळा बसवायचा. कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या थिओबेन कंपनीने १९८० च्या दशकातच असल्या बंदुका बाजारात आणल्या होत्या. गाडीची डिकी उचलून धरणारा दांडा पाहिलाय ना? त्याचाच दणकट भाऊ.

४,८०० रुपये, कुरिअर वेगळं. खोक्यात नळा, पितळी अ‍ॅडॅप्टर, एक पीयू सील (हवा ढकलणाऱ्या दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, तोंडावर बसणारं प्लास्टिकचं वायसर) आणि पाच चित्रांचा एक कागद. नळ्यावर आतला दाब १२० बार छापलेला. दांडा व्हर्नियरने मोजला, बरोबर १० मिलिमीटर. म्हणजे हा नळा नुसता बसल्या जागी सुमारे ९६ किलोने ढकलतोय. हा आकडा त्या कागदावर कुठेच नाही. उलट तिथे लिहिलंय, "कॉम्प्रेसरची गरज नाही, हाताने बसवा." (कॉम्प्रेसर म्हणजे इथे स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा.) अहो, दाबायचं अंतर पाचच मिलिमीटर आहे हे खरं, पण त्या पाच मिलिमीटरला अख्खा माणूस उभा करावा लागतो. घरी पलंगावर बसून, पोटाला टेकवून हा प्रकार कुणी केला आणि पिन निसटली, तर काय होईल ते मला इथे लिहायचं नाही. मी सुताराचा सॅश क्लॅम्प लावला, तरी कपाळाला घाम आला. या एका ओळीसाठी एक तारा कापला.

दुसरा तारा अ‍ॅडॅप्टरचा. पिस्टनच्या आत जाईना. मायक्रोमीटर लावला तर चार दशांश मिलिमीटर मोठा. माझ्याकडे लेथ आहे, दहा मिनिटांत उतरवला. ज्याच्याकडे लेथ नाही त्याने काय करायचं? विकणाऱ्याला फोटो पाठवला तर अंगठा आला. नुसता अंगठा. पुढे काही नाही.

बरं, पुतणीच्या बंदुकीत बसला एकदाचा. आता चांगलं सांगतो, कारण चांगलं आहेच. पहिला छर्रा सुटला आणि मी बंदुकीकडे बघतच राहिलो. झण्ण नाही, थरथर नाही. फक्त एक कोरडा "टक्". क्लबातल्या मित्राचा क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, आणला होता. ०.५१ ग्रॅमचा छर्रा आधी सेकंदाला सरासरी २१५ मीटरने जायचा आणि दहा छर्ऱ्यांत सर्वांत वेगवान नि सर्वांत हळू यांत १८ मीटरचा फरक पडायचा. गॅसवर सरासरी २३६ आणि फरक अवघा ५. माझा पाच छर्ऱ्यांचा पुंजका, म्हणजे कागदावरची पाच भोकं किती रुंदीत पडली ते, २८ मिलिमीटरवरून १७ वर आला. २३६ म्हणजे साधारण १४ जूल ऊर्जा. हा हिशेब ज्याचा त्याने करायलाच हवा, कारण २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० जूलच्या वर गेलात किंवा बोअर ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा असला तर परवाना लागतो. विकणारा "थोडे जास्त पैसे, १५० बारवाला देतो, पॉवर बघा" म्हणत होता. त्याला नको म्हणून सांगितलं.

मग पुतणी आली. तिने नळी मोडायला घेतली, आणि ती मोडेचना.

बॅगा तोलायचा हुकवाला काटा नळीच्या टोकाला अडकवून ओढून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. स्प्रिंगवाली सुरुवातीला ६ किलोत हलते आणि शेवटी शेवटी १४ पर्यंत जाते. गॅसवाली पहिल्या इंचालाच १३ मागते, शेवटी १७. स्प्रिंग मोकळी होते तेव्हा सैल पडते, गॅसचा दाब मात्र आधीपासूनच भरलेला असतो. मोठ्या माणसाला एवढ्याने फरक पडत नाही, पण तेरा वर्षांच्या पोरीला साठ छर्रे मारायचे असतात. विसाव्या छर्ऱ्यापर्यंत तिचे दंड थरथरायला लागले आणि पुंजका ४० मिलिमीटरवर गेला. वरून धक्काही वेगळा. स्प्रिंगचा धक्का लांबट असतो, गॅसचा हातोडीसारखा बसतो. नंतर नळा माझ्या बंदुकीत घातला, तिच्यावर एक स्वस्तातली दुर्बीण होती; तिच्यातली नेमाची अधिक-चिन्हासारखी (+) खूण त्या धक्क्यांनी पंधरा दिवसांत तिरकी झाली.

त्या रात्री किटच्या जाहिरातीतले फायदे पुन्हा वाचले आणि हसू आलं. पहिला फायदा, बंदूक तासन्‌तास ताणून ठेवा, स्प्रिंगसारखी दमणार नाही. हा फायदा परदेशातल्या शिकाऱ्याचा, जो झाडाखाली सशाची वाट बघत बसतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही, आणि भरलेली, ताणलेली बंदूक गाळ्यात ठेवायला मला वेड लागलेलं नाही. दुसरा फायदा, कडाक्याच्या थंडीत वेग पडत नाही. ठाण्यात कडाक्याची थंडी! इथे उलटं होतं. गॅस तापला की दाब वाढतो. जानेवारीतल्या सकाळी गाळ्यात २० अंश होते, मे महिन्यात पत्र्याखाली ४०. म्हणजे दाब जवळजवळ सात टक्क्यांनी जास्त. परवा मोजलं तर सरासरी २४१ निघाली आणि छर्रे थोडे वर लागत होते. राहिला तिसरा फायदा, आवाज आणि थरथर बंद. आपल्या कामाचा एवढाच.

मग डोक्यात आलं की ही थरथर मुळात येते कुठून? पुतणीच्या बंदुकीतून काढलेली स्प्रिंग टेबलावर पडली होती. तिचा आतला व्यास मोजला, १३.२ मिलिमीटर. ज्या दांड्यावर ती बसते तो कारखान्यातून आलेला गाइड ११.५ चा. जवळजवळ पावणेदोन मिलिमीटरची मोकळीक! ढगळ पायजम्यात नाडी नसावी तसं. स्प्रिंग सुटताना आत वळवळणार नाही तर काय? गाळ्यात डेलरिनचा, म्हणजे कडक गुळगुळीत प्लास्टिकचा, तुकडा पडला होता. त्यातून नवा गाइड काढला, इतका टाईट की स्प्रिंग किंचित पिळत चढवावी लागली. पिस्टनच्या बाजूला त्याच डेलरिनची एक टोपी, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने गुळगुळीत, वर मॉली ग्रीसचा पातळ हात. किटमधलं सील उरलं होतं, तेही टाकलं.

शुक्रवारी मोजलं. सरासरी २१२, फरक ६. आवाज "टक्" नाही, पण "ठप्" म्हणता येईल. झण्ण गेलं. माझा पुंजका १६, पुतणीचा २२. नळी पूर्वीइतकीच सहज मोडते. खर्च अर्धा दिवस आणि भंगारातला एक तुकडा.

गॅसचा नळा आता माझ्या बंदुकीत आहे आणि तिथे तो मला आवडतो, खोटं कशाला बोलू. डबे पाडायला वेग बरा वाटतो, आणि दुर्बीण काढून टाकल्यावर धक्क्याचं काही राहिलं नाही. पण हा नळा आमच्यासारख्याला पुन्हा भरता येत नाही. स्प्रिंग तुटली तरी बंदूक रडतखडत छर्रा टाकते आणि नवी स्प्रिंग कुणीही वळून देतो. नळ्यातला गॅस गेला की ४,८०० ची फुंकणी. गेलेला नळा कापायचा किंवा आगीत टाकायचा मात्र नाही, आत दाब शिल्लक असू शकतो.

पाचपैकी तीन तारे. एक कागदावरच्या त्या खोट्या ओळीचा गेला, एक अ‍ॅडॅप्टरचा. घ्यायचंच असेल तर आधी पिस्टनचा आतला व्यास आणि पिस्टन किती सरकतो ते मोजून विकणाऱ्याला लेखी कळवा. नळ्याच्या दांड्याची चाल, बसवतानाचे ते पाच मिलिमीटर वजा करूनही, त्याहून तीन-चार मिलिमीटर जास्त हवी, नाहीतर दांडा तळाला आपटून वाकेल. हेही त्या कागदावर नव्हतं. आणि नुसता आवाज घालवायचा असेल, तर आधी स्प्रिंग बाहेर काढून गाइडला व्हर्नियर लावा.

रिव्ह्यूची लिंक विकणाऱ्याला पाठवली आहे. अजून अंगठा आलेला नाही.