कवचासकट अक्रोड की सोललेला गर?

कवचासकट अक्रोड घ्यावेत की सोललेला गर, या प्रश्नावर मी बरीच वर्षे आळीपाळीने दोन्ही घेऊन पाहिले आहेत. तो कायमचा सुटला असे छातीठोकपणे म्हणणार नाही, पण माझा कल आता एका बाजूला आहे.

सोयीच्या बाबतीत सोललेला गर निर्विवादपणे सरस आहे. शिवाय एक किलो अख्ख्या अक्रोडांतून साधारण 400 ते 500 ग्रॅम गर निघतो, बाकीचे आपण कवचच विकत घेतलेले असते, आणि त्यात एखादा आतून सुकलेला निघाला तर तो तोटाही आपलाच. ज्यांना एका वेळी भरपूर गर लागतो त्यांनी अक्रोड फोडत बसावे, असे मी सुचवणार नाही.

माझे गाडे अडले ते खवटपणापाशी. अक्रोडाच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 65 ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातला बराचसा बहुअसंतृप्त, म्हणजे हवा, उजेड आणि उष्णता लागली की लवकर बिघडणारा. गरावरची पातळ साल त्याला थोडेफार सांभाळते, परंतु गर मोडला की मोडलेल्या कडा उघड्या पडतात. म्हणूनच तुकड्यांपेक्षा अखंड अर्धुकी जास्त टिकतात. हे ठाऊक असूनही मी वारंवार फसलो, कारण खवट तुकडा पुष्कळदा दिसायला इतरांसारखाच असतो. चार चांगले तुकडे खाऊन झाल्यावर पाचवा जुन्या तेलाची, काहीशी रंगाच्या डब्यासारखी चव घेऊन येतो आणि ती चव तोंडातून लवकर जात नाही. (सालीचा तुरटपणा वेगळा; त्याबद्दल माझी तक्रार नाही.) पुढेपुढे मी प्रत्येक तुकडा आधी हुंगू लागलो, आणि ज्या सोयीसाठी सोललेला गर घेत होतो ती सोय या हुंगण्यातच संपू लागली.

कवचातला प्रत्येक अक्रोड आपापल्या डबीत असतो. एखादा बिघडला तरी तो फोडतानाच कळतो आणि बाजूला टाकता येतो. कवच पूर्ण हवाबंद नसते, त्यामुळे तेही वर्षानुवर्षे विसरून ठेवावेत असे नाही. तरी माझ्या अनुभवात खवट अक्रोड निघण्याचे प्रमाण फारच कमी झाले. निवडताना कवचाच्या उजळपणावर जाऊ नये, कारण कवच रसायनाने उजळवलेलेही असू शकते. हातात जड लागणारा आणि हलवल्यावर न खुळखुळणारा अक्रोड बहुधा भरलेला असतो. फोडताना एकदम जोर लावण्याऐवजी चिमट्यात थोडे दाबावे, थोडे फिरवावे आणि पुन्हा दाबावे, म्हणजे गराचा चुरा होत नाही. मधला कडक पडदा तेवढा काढून टाकावा.

सोललेलाच हवा असेल तर अर्धुकी घ्यावीत, लहान पाकीट घ्यावे आणि हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावे. तिथे ती सुमारे सहा महिने आणि फ्रीझरमध्ये वर्षभर टिकतात. असे एक पाकीट घाईच्या दिवसांसाठी मीही ठेवतो. एरवी अख्खे अक्रोडच आणतो, आणि उडालेल्या कपच्या दुसऱ्या दिवशी अनवाणी पायाला टोचतात म्हणून ते फडक्याखाली धरून फोडतो.