फोंड्यातलं कपडेपटाचं दुकान आणि आमच्या ज्योत्स्नाबाई

नाटकाचे कपडे भाड्याने देणारी दुकानं आपल्या गोव्यात बरीच आहेत. जत्रा म्हटली की देवळापुढे नाटक आलंच, आणि ते बहुधा पौराणिक नाहीतर ऐतिहासिक. साहजिकच दुकानांतला मालही तसाच असतो: मुकुट, शेले, तलवारी, भरजरी शालू. आम्हाला यातलं काहीच नको होतं. बांदिवड्याच्या आम्ही बायकांनी गायिका-अभिनेत्री ज्योत्स्ना भोळे यांच्या आयुष्यावर निवेदन, नाट्यप्रवेश आणि पदं असा कार्यक्रम बसवला होता. त्या आमच्याच गावच्या. ११ मे १९१४ चा त्यांचा जन्म, माहेरचं नाव दुर्गा केळेकर. बांदिवडे म्हटलं की लोकांना नागेशी आणि महालक्ष्मी आठवते. ज्योत्स्नाबाईही आठवायला हव्यात, म्हणून हा सगळा खटाटोप.

फोंड्याच्या वरच्या बाजारात, जिना चढून गेल्यावर हे दुकान आहे. मी यादी करून गेले होते: नऊवारी दोन, पाचवारी तीन, एक शालू. दुकान नवरा-बायको दोघं चालवतात. वहिनींनी यादी वाचली, बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘नाटक कुठलं? प्रवेश कुठला?’ मी ‘आंधळ्यांची शाळा’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, ‘बिंबा त्या वेळी घरातच असते की बाहेरून येते?’ इतकी वर्षं कपडे भाड्याने आणते आहे, पण असं कुणी विचारलेलं आठवत नाही.

या प्रश्नाचं मोल कळायला ते नाटक काय होतं हे सांगायला हवं. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर संस्थेने ते मुंबईत रंगभूमीवर आणलं. बियर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते मराठीत केलेलं. रंगवलेले पडदे जाऊन दारं-खिडक्या असलेली खोली रंगमंचावर आली, पदांची संख्या आटली, आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. बिंबा झाल्या होत्या ज्योत्स्नाबाई, वय अवघं एकोणीस. संगीत त्यांचे यजमान केशवराव भोळे यांचं. ‘एकलेपणाची आग लागली हृदया’ हे पद आजही ऐकावं, त्यात ताना मारून टाळ्या घेण्याची घाई कुठेच नाही. एक मुलगी आपल्या मनाशी बोलावं तशी गाते. अशा खोलीत आमची बिंबा जरीचा शालू नेसून उभी राहिली असती तर प्रवेश तिथेच मेला असता.

वहिनींनी शालू दिलाच नाही. बारीक काठाची, अंगावर नरम बसणारी सुती साडी काढली आणि म्हणाल्या, ‘बाय, ही घरातल्या माणसाची. हिला खळ घालू नका, खुर्चीवर बसताना फुगते.’ तालमीत बसून पाहिलं, त्यांचं बोलणं अगदी खरं होतं.

खरी कसोटी ‘कुलवधू’च्या वेळी लागली. मो. ग. रांगणेकरांचं १९४२ चं हे नाटक, मास्तर कृष्णरावांचं संगीत. भानुमती सिनेमात नाव कमावते आणि ते यश नवऱ्याला पेलवत नाही. ज्योत्स्नाबाईंची ही भूमिका आणि ‘बोला अमृत बोला’, ‘क्षण आला भाग्याचा’ ही पदं घराघरांत गेली. आम्हाला घरातली भानुमती आणि नावारूपाला आलेली भानुमती अशा दोन्ही दाखवायच्या होत्या, मधे जेमतेम एका निवेदनाचा वेळ. दुकानातल्या पोलक्यांना आत दोन-दोन इंच माया सोडलेली असते. आमची भानुमती अंगाने भरलेली, तेव्हा वहिनींनी समोरच शिवण उसवून पोलकं सैल केलं. दुसऱ्या पोलक्याचे हूक काढून टिचबटणं लावली आणि जॉर्जेटच्या साडीच्या निऱ्या आधीच टाचून दिल्या. कार्यक्रमात निवेदन संपायच्या आत भानुमती तयार होती.

दागिन्यांबाबत मात्र हे दुकान कमी पडतं. मंगळसूत्रं आणि बांगड्या जत्रेच्या नाटकांसाठी ठेवलेल्या. लांबून दिसाव्यात म्हणून मोठ्या आणि चकचकीत, सामाजिक नाटकात त्या डोळ्यांत खुपतात. आम्ही आपापल्या घरच्या कुड्या आणि पाटल्या वापरल्या, तुम्हीही तेच करा. गंगावनंही राठ आहेत, केसांशी रंग जुळत नाही. आबोलीची फाती माळून आम्ही ते झाकून नेलं, पण वहिनींनी नवी आणायलाच हवीत. साड्या इस्त्री करून मिळाल्या, फक्त डांबरगोळ्यांचा वास होता. आदल्या दिवशी आणून सावलीत वाऱ्यावर टाकल्या की जातो.

साडीला दीडशे रुपये, पोलक्याचे वेगळे पन्नास, अनामत दोन हजार. पावती हाताने लिहून देतात, त्यावर प्रत्येक कपड्याची आधीची फाटतूटही नोंदवतात, त्यामुळे परत करताना वाद होत नाही. एका पदराला मेकअपचा डाग पडला होता, तो मी आपणहून दाखवला. धुलाईचे पैसे घेतले, अनामतीतून एक पैसाही कापला नाही.

कार्यक्रमाचा शेवट आम्ही ‘माझिया माहेरा जा’ने केला. राजा बढे यांचे शब्द, पु. लं.ची चाल आणि ज्योत्स्नाबाईंचा आवाज असलेलं ते गाणं त्यांच्या जन्मगावात त्यांच्यासाठी म्हणायचं, एवढंच मनात होतं. पुण्यात त्यांच्या नावाचं सभागृह आहे. इथे निदान दर ११ मेला गावच्या मुलींनी उभं राहून त्यांचं एक पद म्हणावं, ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे.

जायचं असेल तर दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. जत्रांच्या दिवसांत फोन लागत नाही, प्रत्यक्षच जावं. जाताना कपड्यांची यादी नेऊ नका, नाटकाची संहिता न्या आणि जिची भूमिका आहे तिलाही सोबत न्या. पुढच्या वर्षीच्या आमच्या कार्यक्रमाचे कपडे मी तिथेच सांगून ठेवलेत.