लाइट नव्हती, तरी फ्रिजचा शॉक बसला

गेल्या वर्षी मालवणजवळच्या आमच्या घरातलं स्वयंपाकघर नवं केलं. इंडक्शन, मायक्रोवेव्ह येणार म्हणून वायरिंगही बदललं. वायरमन ओळखीतून आलेला, बोलायला गोड. बिलात अर्थिंगचे साडेसहा हजार: खड्डा, पाइप, कोळसा-मीठ. मी मुंबईला. आईने परड्यातलं सिमेंटचं झाकण बघितलं आणि पैसे दिले.

मी गेलो तेव्हा त्याने सॉकेटच्या फेज (करंट आणणारी तार) आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावून दाखवला. लख्ख पेटला. आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचं विचारलं, तर म्हणाला, "पावसात सारखा पडेल, कशाला खर्च?" मला वाटलं, माणूस आपले पैसे वाचवतोय!

श्रावणात एका संध्याकाळी आमचीच लाइट गेली, शेजारी होती. आई दूध काढायला गेली आणि फ्रिजच्या दाराला हात लागताच ओरडली. हात सुटला म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या, परवानाधारक वायरमनना बोलावलं. त्यांनी सॉकेट उघडलं आणि विचारलं, "अर्थिंग खंय आसा तुमचा?" आत न्यूट्रलवरून (करंट परत नेणारी तार) अर्थच्या पिनेला बोटभर वायरचा तुकडा जोडलेला. दिवा पेटला तो त्याच्या जिवावर. खाऱ्या हवेने खांबावरचा न्यूट्रलचा जोड गंजून सुटला, तेव्हा फेज फ्रिजच्या मोटरमधून न्यूट्रलवर आणि त्या तुकड्यातून थेट फ्रिजच्या पत्र्यावर आली. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असता, तर त्याने आईच्या अंगातून जमिनीत जाणारा करंट ओळखून सप्लाय तोडला असता.

झाकणाखाली हातभर पाइप, त्याखाली अखंड जांभा खडक. अडीच मीटरचा पाइप पुरायला जांभा फोडावा लागतो, ती मजुरी त्याच्या खिशात. वायरमध्येही हात मारलेला: १६ अँपिअरच्या पॉइंटला बिलात ४ चौरस मिलिमीटर, भिंतीत दीड.

टेस्ट लॅम्पवर विसंबू नका. सगळे प्लग काढा, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन बंद करा, मग सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर लावायला सांगा. बीप वाजली, तर न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी जोडलेले आहेत, बहुधा असाच तुकडा. खड्डा बुजवण्याआधी पाइपसकट फोटो मागा, बिलावर परवाना क्रमांक.

तो आता फोन उचलत नाही. वाडीत त्याने केलेल्या आणखी दोन घरांत आम्ही मल्टिमीटर लावला. दोन्हीकडे बीप वाजली.