पुराचे पैसे कोणाला किती मिळाले? गावची यादी बघायची की आरटीआय टाकायचा

नोकरी मुंबईत, सातबारा गावचा, पुरात जमीन खरडली आणि पैसे शेजारच्याला आले आपल्याला नाही, असं असेल तर आधी एक ठरवा, फक्त स्वतःचे पैसे हवेत की अख्ख्या गावाचा हिशोब बघायचाय.

स्वतःचेच अडकले असतील तर आरटीआयच्या भानगडीत पडू नका. तलाठ्याकडून यादीतला विशिष्ट क्रमांक घ्या, ई-केवायसी बाकी असेल तर सेवा केंद्रात जाऊन उरका, आधार कुठल्या खात्याला लिंक आहे ते बघा. भावाभावांचं सामाईक खातं असेल तर संमतीपत्राशिवाय गाडी पुढे जात नाही, ते गोळा करणं हीच खरी डोकेदुखी.

गावाचा हिशोब हवा असेल तर ग्रामपंचायतीतली यादी फुकट आणि लगेच, कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतंच. पण नाव आणि रक्कम वाचून काय कळणार? 2022 ते 2026 च्या केंद्राच्या निकषात 3 इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर हेक्टरी 18 हजार आणि जमीनच वाहून गेली तर 47 हजार, 2 हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना. म्हणजे पंचनाम्यात 'गाळ' लिहिलंय की 'खरडली' यावर हेक्टरी 29 हजारांचा फरक, आणि ते कळायला पंचनामाच बघावा लागतो.

अमेरिकेत पण हीच गोची आहे बरं का. तिकडच्या इमर्जन्सी कन्झर्व्हेशन प्रोग्राममध्ये जमीन पुन्हा नीट करायच्या खर्चाचे साधारण 75 टक्क्यांपर्यंत सरकार देतं, कोणाला किती दिले ते बघता येतं, पण 2008 च्या फार्म बिलातल्या (तिकडचा शेतीविषयक कायदा) कलम 1619 मुळे शेतकऱ्याने दिलेली जमिनीची माहिती, नकाशे वगैरे बंद. पैसे दिसतात, शेत दिसत नाही.

आपल्याकडे निदान गट नंबर टाकून मागता येतं. आरटीआयला 10 रुपये फी, सोय असेल तिथे अर्ज ऑनलाइन, उत्तराची मुदत 30 दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. जवळ पडतं म्हणून मंत्रालयात अर्ज टाकू नका, तो माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) नुसार खालच्या कार्यालयाकडे ढकलला जातो आणि फिरत बसतो, थेट तहसीललाच टाका. अर्ज 150 शब्दांत, एकच विषय. पंचनाम्याची प्रत, नुकसानीचा प्रकार, क्षेत्र, मंजूर रक्कम एवढंच मागा, कोणाचा आधार किंवा खाते नंबर मागितलात तर 8(1)(जे), म्हणजे खासगी माहिती नाकारायचं कलम, दाखवून हात वर करतील, डेटा संरक्षण कायद्याने ते कलम अजूनच कडक केलंय. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारने स्वतःहून जाहीर करायचा असं याच कायद्याच्या 4(1)(बी) मध्ये आहे, त्याचा उल्लेख अर्जात जरूर टाका.

गणपतीला गावी जाणारच असाल तर प्रतींऐवजी अभिलेख पाहणी मागा, तहसीलला बसून फाईल चाळता येते, पानामागे 2 रुपये पण वाचतात. फक्त सुट्टी संपल्यावर एक दिवस जास्त थांबायची तयारी ठेवा.