नामांची चित्रकार्डं: 'राइस'ने काम केलं, 'ब्रेड'ने घोळ

दुसरीतल्या लेकीसाठी इंग्रजी नामांची ही कार्डं घेतली, मोजता येणारी आणि न येणारी नामं वेगवेगळ्या गठ्ठ्यांत आहेत. पुठ्ठा जाड आहे, दूध सांडलं तरी पुसून निघालं. खरा उपयोग झाला तो 'राइस'च्या कार्डाचा. आपण 'तांदूळ निवडले' म्हणतो ना, म्हणून ती 'राइसेस' म्हणायची; इंग्रजीत मात्र 'राइस' मोजत नाहीत. मग ताटात तांदूळ ओतले. दाणे मोजता मोजता ती कंटाळली. तेच तांदूळ चार वाट्यांत भरले, तर स्वतःहून म्हणाली, "फोर बोल्स ऑफ राइस!" इतका आनंद झाला मला! मोजता येणाऱ्याला 'मेनी' आणि न येणाऱ्याला 'मच', हे त्यानंतर पटकन कळलं.

पण 'ब्रेड'चं कार्ड मोजता येणाऱ्या गठ्ठ्यात घातलंय. मोजतात ते स्लाइस, ब्रेड नव्हे. मुलांच्या वस्तूत अशी चूक चालायला नको. 'हेअर'चं कार्डही हवं होतं, 'केस गळले' म्हणणारी आपली मुलं तिथेच अडखळतात. ते मी घरीच काढलं.